बासरीच्या आधीचा टक्

माझ्या नवऱ्याला, क्लाइव्हला, एकच गाणं आवडतं आणि ते रेकॉर्डची अख्खी बाजू खातं. 'बगळ्याचं राज्य'. आधी बराच वेळ नुसता वारा. मग लांबून कुठून तरी ऑर्गन येतो, येतो, येतच राहतो. तोवर माझे बटाटे उकडून होतात. मग ड्रम पिसाळतात, मग एकदम बराच वेळ सगळं गप्प, आणि त्या शांततेतून बासरी. गाणं चालू असताना घरात कुणी बोलायचं नाही. बाळानंसुद्धा. बाळ ऐकत नाही, तो भाग वेगळा.

बासरीच्या जरा आधी एक टक् येतो. मला दिवस गेल्याचं मी क्लाइव्हला सांगितलं तेव्हा नव्यानं आणलेल्या रेकॉर्डवर हेच गाणं पहिल्यांदाच लागलं होतं, आणि हा बाबा असा उडाला की प्लेअर हादरला. पुढच्या वेळी ऐकलं तर शांततेत टक्. दुसरा कुणी रेकॉर्ड खराब झाली म्हणून हळहळला असता. हा म्हणाला, "हा आपल्या बाळाचा टक्." रोझलिन झाल्यापासून बश्यांच्या कारखान्यातून घरी आला, हातपाय धुतले, की तिला छातीशी धरून तो टक् ऐकवायचा. मी हसायचे, पण मला ते फार आवडायचं.

रोझलिनच्या बाप्तिस्म्याच्या आठवड्यात ती रेकॉर्ड गायब झाली. कव्हरसकट.

क्लाइव्हनं घर उलटंपालटं केलं. त्याची आई, आयव्हीबाई, चहात साखर ढवळत बसल्या होत्या. ढवळता ढवळता म्हणाल्या, "मी कुणाचं नाव घेत नाही. पण मंगळवारी डेस पुढच्या खोलीत एकटाच बसला होता."

डेस म्हणजे माझा धाकटा भाऊ. पावाची गाडी चालवतो. रविवारी चर्चमध्ये रोझलिनला हातात घेऊन तोच धर्मपिता म्हणून उभा राहणार होता. सासूबाईंना तिथं त्यांचा दुसरा मुलगा लेनर्ड हवा होता, हे आमच्या लाँगटन गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"पाद्रीबाबाही बसले होते मंगळवारी," मी म्हटलं.

"पाद्रीबाबांना कशाला गं असलं संगीत?"

"डेसला तरी कशाला? तो तर म्हणतो, या गाण्यात बासरी येईपर्यंत बगळा म्हातारा होऊन मरतो."

"मी कुणाचं नाव घेतलंय का?" सासूबाई म्हणाल्या आणि बशीतला चहा फुंकू लागल्या.

 त्या दिवसापासून क्लाइव्ह माझ्याकडेही तिरक्या नजरेनं बघू लागला. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनातही पाल चुकचुकली. लहानपणी डेसच्या खिशात दुसऱ्यांच्या गोट्या सापडायच्या, ते मी कशी विसरेन?

गुरुवारी क्लाइव्ह चर्चची वेळ सांगायला डेसच्या खोलीवर गेला. परत आला तो पांढराफटक. काखेत रेकॉर्ड, साध्या पांढऱ्या पाकिटात.

"जिन्यातच ऐकू आलं मला," तो म्हणाला. "वर जाऊन गुपचूप उभा राहिलो. टक् आला. माझाच टक्, ग्लेनिस."

"डेस काय म्हणाला?"

"म्हणे बाजारात घेतली, कव्हर नव्हतं म्हणून स्वस्तात मिळाली. कव्हर फेकून द्यायची अक्कल बरी सुचली. रविवारी चोराच्या हातात माझी पोर मी देणार नाही. लेनर्ड उभा राहील."

मी भांडले, रडले. डेसच्या घरमालकिणीकडे फोन केला, तर तो फोनवर यायलाच तयार नाही. पोरीच्या बाप्तिस्म्याला माझ्या माहेरचं कुणी नसणार होतं.

शनिवारी पाहुण्यांसाठी चांगला टेबलक्लॉथ काढायला मी साइडबोर्डचा खालचा खण उघडला. टेबलक्लॉथच्या खाली, कव्हरसकट, क्लाइव्हची रेकॉर्ड. कव्हरवर नागडा माणूस आणि त्याला बगळ्याचं डोकं.

"आई, हे काय?"

सासूबाईंनी विणकामातून मान वर केली नाही. "पाद्रीबाबा येणार होते. ते तसलं चित्र समोर ठेवू? झाकून ठेवलं. मग विसरले."

"आम्ही एवढं शोधत होतो तेव्हाही विसरला होता?"

"माझं वय काय, ग्लेनिस."

विसरल्या असतील. देवच जाणे. पण सुईवरचे टाके त्या कधी विसरत नाहीत.

मी आधी क्लाइव्हची रेकॉर्ड लावली. टक्. मग डेसची लावली. त्याच जागी, तस्साच टक्.  रेकॉर्ड करतानाच त्या वादकांपैकी कुणाचं तरी काहीतरी पडलं असणार. ज्यानं ज्यानं हे गाणं विकत घेतलं त्याच्या घरी तो वाजत होता, माझ्या पोटात रोझलिन यायच्या आधीपासून.

क्लाइव्ह घरी आल्यावर त्याला खुर्चीत बसवलं आणि दोन्ही ऐकवल्या. दुसऱ्या टक्नंतर त्यानं चेहरा हातांत लपवला. कशासाठी जास्त, डेससाठी की टक्साठी, ते मला कळलं नाही. मग आम्ही दोघं डेसकडे गेलो.

डेसनं दार उघडलं, आत या म्हटलं नाही. क्लाइव्हनं रेकॉर्ड पुढे केली आणि सगळं सांगितलं.

"मला वाटायचं माझ्याच रेकॉर्डला चरा आहे," डेस म्हणाला. "म्हणूनच स्वस्त दिली असेल, असं वाटायचं."

"पण तू घेतलीस कशाला? एवढी चेष्टा करायचास."

"धर्मपिता होणार होतो ना. म्हटलं पोरीचा बाप काय ऐकतो ते नीट ऐकावं. मग आवडलं गाणं. रोज लावायला लागलो. तुला सांगणारच होतो, रविवारी."  "तू त्या टक्वर विश्वास ठेवलास, क्लाइव्ह. माझ्यावर नाही."

"चुकलं माझं. उद्या येशील ना?"

"पोरीसाठी येईन."

आला. चांगला सूट घालून आला, रोझलिनला हातात घेऊन उभा राहिला, विचारलेल्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली. मला रडू आवरेना. सासूबाई शेजारी लेनर्डचा टाय सारखा करत होत्या.

चहा झाल्यावर क्लाइव्हनं सगळ्या पाहुण्यांसमोर गाणं लावलं. माफी मागायची त्याची हीच पद्धत. डेस रोझलिनला मांडीवर घेऊन ऐकत होता. ऑर्गनला डोळे मिटून डोलतही होता. ड्रम थांबले, सगळं शांत झालं. क्लाइव्ह त्याच्याकडे बघून हसला.

डेसनं टक् यायची वाट न बघता पोर माझ्या हातात दिली, तिच्या कपाळाचा मुका घेतला, कोट उचलला आणि निघून गेला. तो फाटकापाशी होता तेव्हा टक् आला. क्लाइव्हनं सुई उचलली. बासरी त्या दिवशी कुणी ऐकली नाही.