आतली चार बोटं

"माहेरी कोणी तरुणपणी, अचानक गेलेलं?" डॉक्टरबाईंनी मला विचारलं.

मी आईकडे पाहिलं. आमच्या घराण्याचं जे काही होतं ते तिच्याच पोटात. ती माझ्या मुलाच्या शर्टाचं सैल झालेलं बटण चाचपत बसली होती. शिवणकाम करणाऱ्या बाईचे हात दवाखान्यातही गप्प बसत नाहीत.

"आजी, नीट आठवून सांगा. ह्याच्या हृदयाचा स्नायू जाड होत चाललाय आणि पायांचे झिजतायत. दोन्हींचं मूळ एकच आहे, आईकडून मुलाकडे येणारं. घरात असं कोणी गेलं असेल तर मी थांबणार नाही. छातीत कातडीखाली एक लहान यंत्र बसवू. ठोके भरकटले की ते झटका देऊन ताळ्यावर आणतं. तसं कोणी नसेल, तर सहा महिने औषधावर पाहू."

"माझा एक भाऊ गेला," आई म्हणाली. "पण तो बुडाला. पोहायला गेला होता."

"नक्की?"

"पाण्याला कसला आलाय आजार, बाई?"

मुलगा फिस्सकन हसला. डॉक्टरबाईही हसल्या आणि त्यांनी कागदावर सहा महिन्यांनंतरची तारीख घातली. मला केवढं हायसं वाटलं. परतताना मी आईचा हात धरून जिना उतरले.

मामाचं ते बुडणं ऐकतच मी वाढले होते. त्यापायी मला कधी गुडघाभर पाण्यात उतरू दिलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी मुलाची शाळेची पँट आखूड झाली. पायांत जोर नसला तरी उंची वाढतच होती. "आई, घोटे दिसतात. पोरं मला बगळा म्हणतात," तो कुरकुरला. दुसरी पँट घालून तो शाळेत गेला, धाकटी लेक झोपली, तेवढ्यात मी ब्लेड घेऊन बसले. काळजी नव्हती. आईच्या हातच्या कपड्याला खाली आतल्या बाजूला चार बोटं कापड दुमडलेलं असतंच. पोर वाढलं की उसवायचं आणि खाली सोडायचं. अख्ख्या गल्लीत तिला चारबोटेबाई म्हणतात.

टीप उसवली. आत काहीच नव्हतं. शिवण धरण्यापुरती नखाएवढी दुमड, बस्स.

दुसरा पाय उसवला. तेच. मग ट्रंक उघडून जुन्या पँटी काढल्या. गेल्या वर्षीची, त्याच्या आदल्या वर्षीची. तेच. अगदी तळाला तो चार वर्षांचा असतानाची सापडली. तिला आत चार बोटं होती, सोडल्याच्या खुणांसकट. त्यानंतर एकीलाही नाही.

धाकटीला तशीच झोपेत खांद्यावर घातली आणि दुकानात गेले. एक बाई मुलाचं माप देऊन निघाली होती.

"बघा हं, ताडमाड वाढतोय मेला."

"ठेवते चार बोटं. दोन वर्षं तोंड दाखवू नका," आई हसून म्हणाली.

ती बाई गेल्यावर मी उसवलेली पँट कापायच्या टेबलावर टाकली. आईनं ती उलटून पाहिली नाही. पायाखालचं मशीन थांबलं.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"गुडघ्यांवर हात रेटून उठायला लागला, तेव्हापासून." ती खाली बघत म्हणाली. "तोही असाच उठायचा."

"मामा? तो तर बुडाला ना?"

तिनं दाराजवळच्या बाकाकडे बोट केलं. "तिथं बसला होता. बुटाची नाडी बांधत. वाकला तो वाकलाच. सतरा वर्षांचा होता गं. दुकान तेव्हा तुझ्या आजोबांचं. त्याच आठवड्यात मी त्याला पँट शिवून दिली होती, चार बोटं ठेवून. मग ह्याच्या वेळी हात धजावेना."

"आणि पोहायला गेलेला कोण?"

"माझं लग्न ठरावं म्हणून आईनं त्याला बुडवला. तुझं ठरावं म्हणून मी बुडालेलाच ठेवला. आता कुठल्या तोंडानं वर काढू?"

"डॉक्टरांसमोर तरी काढायचास! माझ्या पोराचे सहा महिने, आई. तुला दिसत होतं, तू मापं घेत होतीस, आणि..."

धाकटी जागी होऊन माझ्या तोंडावर हात फिरवत होती. मी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि आईपुढे धरला.

"तू सांग. तुझ्या तोंडानं."

ती उठून उभी राहिली, मोठं कोणी दुकानात यावं तशी. "मी आजी बोलतेय. ते... माझा भाऊ बुडाला नव्हता, बाई." मग वय सांगितलं, बाक सांगितला, नाडीही सांगितली. पलीकडून पुष्कळ प्रश्न आले. ती एकेकाला "हो" म्हणत राहिली. फोन परत देताना म्हणाली, "परवा भरती करायला सांगितलंय. तुझीपण तपासणी आहे."



शाळा सुटल्यावर तो नेहमीसारखा दुकानात आला आणि धापा टाकत त्याच बाकावर बसला. नाडी सुटली होती. तो वाकणार तोच आम्ही दोघी एकदम पुढे झालो. मी आधी पोचले.

"आजी, माझी पँट कुठाय? उद्यापण बगळा होऊ का?"

"नवी शिवते ना, साहेब. उभे राहा. पोट आत."

"मला पोटच नाही."

आईनं टेप लावली. आकडे सांगायला लागली, मी वहीत लिहायला लागले. कंबर, मांडी, लांबी. पोटरीचा आकडा तिनं सांगितलाच नाही. मी टेप धरून स्वतः वाचला आणि लिहिला.

"आत चार बोटं ठेव," मी वहीतच बघत म्हणाले.

मान वर केली तेव्हा तिनं कापडाच्या कडेवर चार बोटं ठेवली होती, एकमेकांना घट्ट चिकटवून. दुसऱ्या हातातला खडू त्यांच्या कडेनं सरकत होता. रेघ वाकडी आली. तिनं ती पुसली नाही.