तटावरची हाक

शारजाची ऑगस्टमधली संध्याकाळ आधी वहिनींच्या चष्म्यावर उतरते. इमारतीच्या गारव्यातून त्या बाहेर पाऊल टाकतात आणि क्षणार्धात दोन्ही भिंगं दुधाळ होतात. खालिद सरोवराचा काठ, पाण्यात थरथरणारे मनोऱ्यांचे दिवे, बाबागाड्या ढकलत चाललेली कुटुंबं, सारं एकदम नाहीसं होतं. दुसरं कुणीही चष्मा पुसेल. वहिनी पुसत नाहीत. ते धुकं आपसूक विरेपर्यंत त्या तशाच उभ्या राहतात, मान किंचित कललेली, कान मागे लागलेला. मला ते बघवत नाही. पण दर शनिवारी दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसहून मी येतो तो त्यांना फिरायला नेण्यासाठीच, तेव्हा मीही शेजारी उभा राहतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. अल मजाजमधल्या या घरात दोघांनी सव्वीस वर्षं काढली. दादा गेल्यावर लेक, जावई आणि नात इरा त्यांच्यासोबत राहायला आली. पूर्वी त्या घरात असल्या की घराला नाद असायचा: बांगड्यांचा, फोडणीचा, आणि कुणाला उद्देशून आहे ते ज्याचं त्याला बरोबर कळावं अशा टोमण्यांचा. आता त्या इतक्या हळू वावरतात की त्या खोलीत आहेत हे कधी कधी पंख्याखाली हललेल्या पदरावरून समजतं.

त्या मूळच्या राजापूरकडच्या. लहानपणी त्यांना शिकवलेलं, तिन्हीसांजेला एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतं. जे माणूस नसतं ते एकदाच. आखातातल्या लखलखाटातही ही शिकवण पुसली गेली नाही. दादा हसायचा. "हिला बोलवायचं म्हणजे सरकारी अर्ज, तीन प्रतींत," म्हणायचा, आणि तरीही न्हाणीघरातून टॉवेल मागताना इमानेइतबारे पुकारायचा, "अनघा, अनघा, अनघा." थट्टा म्हणून सुरू झालेलं ते पुढे त्याच्या जिभेचं वळणच झालं. वहिनी तिसऱ्या हाकेला ओ द्यायच्या, आणि ती ओ ऐकताना मला त्या दोघांचा हेवा वाटायचा, हे कबूल करतो.

दादा निवृत्त झाला तेव्हा आम्ही तिघं इंग्लंडला गेलो. यॉर्क हे जुनं शहर, भोवती दगडी तट, आणि तटावरून माणसांना चालता येतं. नोव्हेंबरचा महिना होता. दुपारचे जेमतेम चार, पण प्रकाश आटत चाललेला; शेवाळलेल्या फरशा ओल्या, वाट एका वेळी एकानंच जावं इतकी अरुंद, आणि नदीवरून चढत आलेल्या धुक्यात थोरल्या चर्चच्या घंटा कुठून वाजताहेत ते उमजत नव्हतं. शहर उजव्या हाताला ठेवून वहिनी पुढे निघाल्या. देवळाला घालावी तशी या परक्या गावाला प्रदक्षिणा घालायची, असं त्यांनी ठरवलं होतं. माझा गुडघा कुरकुरू लागला, म्हणून एका वेशीपाशी मी खाली उतरून चहाच्या दुकानात बसलो. दादा त्यांच्या मागे होता, दहाबारा पावलांवर.

हाक आली ती त्या धुक्यातून. एकदाच.

वहिनी वळल्या नाहीत. चाल मंदावून त्यांनी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली, तिसरीची पाहिली. कुणी बोललं नाही, तशा त्या पुढच्या बुरुजापर्यंत चालत गेल्या आणि मगच मागे बघितलं. दादा तटाला पाठ टेकून खाली बसलेला होता, मफलर नीटनेटका, डोळे उघडे. हृदय एका क्षणात थांबलं, डॉक्टर म्हणाले. हाक मारायलासुद्धा त्याला अवधी मिळाला नसेल.

हाकेची गोष्ट वहिनींनी फक्त मला सांगितली. दादानं बोलावलं आणि आपण पाठ फिरवून चालत राहिलो, हा एकच विचार त्यांना आतून पोखरतो आहे. त्या दिवसापासून त्या पहिल्याच हाकेला ओ देतात. भाजीवाल्याला देतात, शेजारणीला देतात, आणि हल्ली कुणीही हाक मारलेली नसताना देतात. स्वयंपाकघरातून स्वच्छ "ओ" येते, पाठोपाठ गृहपाठ करणारी इरा मान वर न करता म्हणते, "आजी, नोबडी कॉल्ड यू." तिला त्याची सवय झाली आहे. मला अजून नाही.

गेल्या शनिवारी मी खोटं बोललो. महिनाभर मनात घोळवलेलं खोटं होतं ते. सरोवराच्या काठच्या बाकावर बसलो असताना म्हणालो, "वहिनी, तटावर तुम्हाला हाक मारली ती मी. खालून, रस्त्यावरून. चहा घ्यायला या म्हणून."

त्यांनी पाण्याकडे बघतच विचारलं, "काय म्हणून हाक मारलीत, भाऊजी?"

"वहिनी म्हणून. आणखी काय म्हणणार?"

"तुमचं मन मोठं आहे," त्या म्हणाल्या. "पण ती हाक तशी नव्हती. मंदा अशी होती."

मला काहीच कळेना. मग त्यांनी सांगितलं. मंदा हे त्यांचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर दादानं अंगठीनं अनघा लिहिलं, आणि मंदा तिथेच संपली. त्या नावानं हाक मारणारी आई गेली, भाऊ गेला. दादाला ते ठाऊक होतं, पण एकदाही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. "म्हणून नाही वळले. एकच हाक, ती कातरवेळी, आणि ते नाव. वाटलं, हे माणूस नव्हे. आणि त्यांनीच मारली असेल तर?"

"आणि दादानं नसेल तर?" मी विचारलं.

"इन्शाल्ला, कळेल कधीतरी. आता मात्र देते ओ. कोण असेल ते असो."

परतताना त्या माझ्या पुढे, लिफ्टकडे चालल्या होत्या. खांदे वाकलेले, पावलं संथ, पाठ माझ्याकडे. जाणाऱ्याला काळ घेऊन जातो, मागे राहिलेल्याला मात्र तो त्याच एका जागी उभं करून ठेवतो, पाठमोरं. ते नाव माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी ते उच्चारलं नाही. वहिनी तत्क्षणी वळल्या असत्या, आणि वळल्यावर त्यांना फक्त मी दिसलो असतो.