दोघांचा बाक

मी एक जुना बाक आहे. शाळेतला, दोघांनी बसायचा. हल्ली माझा मुक्काम एका घरातल्या खिडकीखाली आहे आणि माझ्यावर बहुतेक वेळा धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, बाकाकडे सांगण्यासारखं काय असणार? बसायची फळी, लिहायची फळी, खाली एक कप्पा, झालं. पण ज्याच्यावर रोज कुणीतरी तासन्‌तास बसतं, त्याला बसणाऱ्याबद्दल बरंच कळतं. कोण घाबरून पाय हलवतं, कुणाच्या पोटात खरंच दुखतं आणि कुणाच्या फक्त गणिताच्या तासालाच दुखतं, हे मला बाईंच्या आधी समजायचं.

मला बनवलं एका सुताराने. माणूस कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. रंधा मारून मारून त्याने माझी फळी गुळगुळीत केली आणि मग पारख करायला स्वतःच एका टोकाला बसला. त्याबरोबर माझं दुसरं टोक किंचित वर उचललं गेलं. त्याने बायकोला हाक मारली आणि तिला त्या टोकाला बसवलं. ती बसली आणि मी चारही पायांवर ठाम उभा राहिलो. सुतार म्हणाला की हा दोघांचा आहे, एकटा कुणी बसला तर कुरकुरणारच. खरं तर पायाखाली एक पाचर ठोकली असती तर काम झालं असतं, पण त्याने तो विषय तिथेच मिटवला. तेव्हापासून मी असाच आहे.

शाळेत आम्ही पुष्कळ बाक होतो. सकाळी आम्हाला सरळ रांगेत लावत आणि दुपारपर्यंत आमची पांगापांग होई. किती मुलं आली आणि गेली. कुणी माझ्यावर नाव कोरलं, कुणी डिंक सांडला, कुणी परीक्षेच्या दिवशी माझी फळी घामाने ओली केली. माझ्या वाट्याला शेवटी आल्या दुसरीतल्या दोघी मैत्रिणी. एकीला सगळे खारूताई म्हणत, कारण तिच्या खिशात कायम काहीतरी कुरतडायला असे. दुसरी मुंगी. अंगाने एवढीशी आणि आवाज त्याहून बारीक. खारूताईने पहिल्याच आठवड्यात कर्कटकाने माझ्या फळीच्या मधोमध रेघ ओढली आणि ही तुझी हद्द, ही माझी हद्द, असं ठरवून टाकलं. मला दुखलं, पण दोघी जिथल्या तिथे बसल्या म्हणून मी काही बोललो नाही.

मुंगीची एक गोष्ट वर्गात फक्त तिघांना ठाऊक होती. एक ती स्वतः, दुसरी खारूताई आणि तिसरा मी. मुंगीला वाचता येत नव्हतं. अक्षरं ओळखायची, पण ती एकमेकांना चिकटून शब्द झाला की तिची गाडी अडायची. बाईंनी तिला वाचायला सांगितलं की खारूताई पुस्तकात तोंड खुपसून हळूच शब्द पुरवायची आणि मुंगी तो मोठ्याने म्हणायची. एवढं बेमालूम चालायचं की बाईंना पत्ता लागला नाही. खारूताईला वाटायचं, आपण मैत्रिणीला मदत करतोय. मुंगीलाही तसंच वाटायचं.

मग एका सुट्टीच्या दिवशी शाळेच्या छताचा मोठा पोपडा खाली कोसळला. वर्गात कुणी नव्हतं म्हणून निभावलं. तपासणीला माणसं आली, वर बघून त्यांनी माना हलवल्या आणि दुरुस्ती होईपर्यंत इमारत बंद झाली. मुलांनी घरी बसून मोबाइलवर शिकायचं ठरलं. आम्हा बाकांना अंगणात ठेवलं तर आम्ही कुजून जाऊ, म्हणून मोठ्या बाईंनी सांगितलं की ज्याच्या घरी जागा आहे त्याने आपला बाक घेऊन जावा. खारूताईच्या घरी पाचजण एका खोलीत. तिथे बाक ठेवला असता तर माणसांना बाहेर झोपावं लागलं असतं. म्हणून मी मुंगीच्या घरी आलो. टेम्पोत चढवताना खारूताई मला धरून चालत होती. टेम्पो सुटला तशी ती तिथेच उभी राहिली.

मित्रांनो, ते पहिले दिवस मला फार जड गेले. शाळेत दिवसभर गलका असे आणि मी त्याला वैतागत असे. इथे नळाचं पाणी ठिबकलं तरी ऐकू यायचं. मुंगीची आई सकाळी कापडाच्या दुकानात कामाला जायची, बाबा बेकरीत रात्रपाळीला असायचे, ते सकाळी यायचे ते झोपायलाच. मुंगी माझ्या डाव्या बाजूला, आपल्या हद्दीतच बसायची. उजव्या बाजूला ती दप्तरसुद्धा ठेवत नसे. एकटीच्या वजनाने मी कलायचो आणि ती जरा हलली की माझा उचललेला पाय फरशीवर टक्‌ करून आपटायचा. तिला एकटं वाटत होतं आणि मलाही.

मोबाइल समोर डब्याला टेकवून ठेवलेला असे. त्यात छोट्या छोट्या चौकटीत वर्गातली मुलं दिसायची. बाईंनी एक दिवस मुंगीला वाचायला सांगितलं. तेवढ्यात मोबाइलमधून खारूताईची कुजबुज आली, नेहमीसारखीच, हळूच. पण आता ती कुजबुज मुंगीच्या कानाशी नव्हती. ती एकाच वेळी सगळ्यांच्या घरी पोहोचली. बाई म्हणाल्या, "खारूताई, मी मुंगीला विचारलंय." पोरं खदखदून हसली. कुणाचे तरी आजोबाही हसले.

त्या दिवसापासून मुंगीने कॅमेरा बंद ठेवायला सुरुवात केली. बाईंनी नाव घेतलं की ती आवाज येत नाही असं सांगायची आणि आवाज तर तिला उत्तम येत असायचा. तिची पावलं माझ्या आडव्या दांड्यावर सारखी थरथरत. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं, पण लाकडाने करायचं काय?

हे बिंग फुटलं ते शेजारच्या काकूंमुळे. आईला मुंगीचं भारी कौतुक. दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी काकू आल्या तेव्हा आईने मुंगीला पुस्तक घेऊन बसवलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. मुंगीने पान उघडलं आणि होडीची अख्खी कविता घडाघडा म्हटली. कुठे अडखळली नाही. काकू मान डोलावत पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं, पण इथे तर कोंबडीचं चित्र आहे."

आई आधी हसली. मग तिने पुस्तक हातात घेतलं, एका शब्दावर बोट ठेवलं आणि हे काय लिहिलंय ते विचारलं. मुंगीने चित्राकडे पाहिलं आणि "पिल्लू" म्हणाली. तिथे लिहिलं होतं, खुराडं. काकूंनी चहा अर्धा ठेवला आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणत घर गाठलं.

आईने बाईंना फोन लावला. बाई रागावल्या नाहीत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं. शाळा पुन्हा भरायच्या आधी प्रत्येक मुलाकडून त्या एक न पाहिलेला धडा वाचून घेणार होत्या. ज्याला जमणार नाही, त्याने पुन्हा दुसरीत बसायचं. म्हणजे खारूताई तिसरीत जाणार आणि मुंगी मागे राहणार. फोन ठेवल्यावर मुंगीने आईला एकच गोष्ट विचारली, "मग माझ्या शेजारी कोण बसणार?"

आई रोज कामावरून आली की हातपाय धुऊन मुंगीला वाचायला बसवू लागली. बिचारी दिवसभर गिऱ्हाइकांपुढे कापडाचे तागे उलगडून दमलेली असायची. पहिला शब्द चुकला की ती समजावून सांगे, दुसरा चुकला की तिचा आवाज चढे, तिसऱ्याला ती माझ्या फळीवर हात आपटे. मग मुंगीला येत असलेलं अक्षरही आठवेना. शेवटी दोघी रडत. आई स्वयंपाकघरात जाऊन, मुंगी माझ्यावर डोकं ठेवून. कितीतरी वर्षांत माझ्या फळीवर एवढं पाणी पडलं नव्हतं. अखेर आईने हात टेकले. सकाळी निघताना तिने मुंगीला बजावलं की मोठ्याने वाचत बस, मी काही बघायला येणार नाही.

आई गेली की थोड्याच वेळात बाबा यायचे. शर्टाच्या बाह्यांना पीठ, डोळे लाल. इतके दिवस ते थेट आतल्या खोलीत पलंगावर जाऊन आडवे व्हायचे, पण आपली लेक पुस्तक घेऊन एकटी बसलीय हे बघून ते आता चहाचा कप घेऊन माझ्या उजव्या बाजूला बसू लागले. माणूस धिप्पाड. ते बसले की मी एकदम सरळ होऊन उभा राहायचो. मला सुताराच्या दुकानाची आठवण यायची. चहा संपायच्या आत त्यांचं डोकं फळीवर टेकलेलं असायचं आणि मग घोरणं सुरू.

दोन-तीन दिवस मुंगी नुसती त्यांच्याकडे बघत बसली. मग एका सकाळी तिने पुस्तकातल्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. चुकीचं होतं. तिने दचकून बाबांकडे पाहिलं. बाबा घोरत होते. चूक म्हणून कुणी म्हटलं नाही. कुणी हसलं नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. "खु... खुर... खुराडं." तिची पावलं दांड्यावर एकदम थांबली. ती आपल्या जागेवर उंच होऊन बसली आणि तोच शब्द तिने बाबांच्या कानाशी जाऊन परत वाचला. बाबांनी नुसती मान दुसऱ्या बाजूला वळवली.

मग रोज ते सुरू झालं. मुंगी बाबांना वाचून दाखवायची. अडली की थांबायची, मागे जायची, पुन्हा यायची, कारण बाबांना कसलीच घाई नव्हती. बाबांचा हात रेघ ओलांडून आला की तो उचलून पलीकडे ठेवायची आणि म्हणायची की हद्दीत राहा. कधी त्यांना प्रश्न विचारायची, उत्तर आलं नाही की स्वतःच सांगायची आणि वर त्यांचं लक्ष नसतं म्हणून दमही द्यायची. एवढा आज्ञाधारक विद्यार्थी मी माझ्या अख्ख्या आयुष्यात पाहिला नाही. खरं सांगतो, त्या दिवसांत मला शाळेची आठवण यायची नाही.

परीक्षेच्या दिवशी आईने दुकानात उशिरा येते असं कळवलं आणि दाराला टेकून उभी राहिली. बाबा पाळीवरून आले, नेहमीच्या जागी बसले आणि झोपले. आई त्यांना उठवून आत पाठवायला निघाली, कारण कॅमेऱ्यात ते असे दिसणं तिला बरं वाटेना. मुंगी म्हणाली, "राहू दे. ते ऐकतायत."

बाईंनी नवा धडा पाठवला. मुंगीने कॅमेरा सुरू केला, एकदा शेजारी पाहिलं आणि वाचायला लागली. हळू, पण एकेक शब्द सुटा आणि नीट. मध्येच बाबा असे काही घोरले की सगळ्या चौकटी हसू लागल्या. मुंगी थांबली. घोरणं संपल्यावर जिथे थांबली होती तिथूनच पुढे निघाली. शेवटच्या ओळीत जोडाक्षरांच्या एका लांबलचक शब्दावर मात्र ती अडली. एकदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली. आईने पदर मुठीत धरला होता. मोबाइलच्या एका कोपऱ्यात खारूताई दिसत होती. तिने स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी गच्च दाबून धरलं होतं आणि तिचे डोळे पाण्याने भरले होते. कुणी शब्द पुरवला नाही. मुंगी मागे गेली, अक्षरं पुन्हा जुळवली आणि तो शब्द वाचला.

बाई म्हणाल्या, "खारूताई, हात काढ आता. मुंगी तिसरीत आलीय."

आई आत जाऊन रडली. बाबांना यातलं काही कळलं नाही.

शाळा पुन्हा भरली तेव्हा तिथे नवे बाक आले होते. आमच्यासारख्यांना परत न्यायला कुणी आलं नाही. मुंगी नवं दप्तर घेऊन, मला एकदा थोपटून गेली ती धावतच. मला वाईट वाटलं, पण मी तक्रार करणार नाही. मुलांनी शाळेत असावं हेच बरं. माझ्यावर आधी एक टॉवेल आला, मग चादरी आल्या, मग सगळं घर आपापले कपडे माझ्यावर टाकू लागलं.

पण शाळा भरली त्या पहिल्या सकाळचं सांगतो. बाबा आले. चहा घेऊन ते नेहमीच्या जागी बसले. एकट्याने बसल्यामुळे मी त्यांच्या बाजूला कललो. चहा संपला. त्यांनी डोकं टेकवलं. पण घोरणं काही सुरू होईना. त्यांनी हात बदलला, मान बदलली. मग डोळे न उघडताच ते म्हणाले, "वाच ना गं."

घरात कुणीच नव्हतं. ते उठून बसले, शेजारच्या जागेकडे बघत राहिले आणि बऱ्याच वेळाने रिकामा कप घेऊन आत गेले.

मित्रांनो, घरी बसून एकट्याने शिकताना तुम्हाला वाटत असेल की आपलं कुणी ऐकत नाही, मग वाचायचं तरी कुणासाठी? मी एक जुना बाक आहे, मला पुस्तकातलं काही कळत नाही. पण ती सकाळ मी पाहिली आहे. म्हणून मागतो ते एवढंच. घरात जो कुणी असेल त्याला शेजारी बसवा आणि मोठ्याने वाचा. चुकलात तर मागे जा आणि पुन्हा वाचा. ऐकणारा झोपला, तरी थांबू नका.