बाबांचं टपाल

धाकटीने गिऱ्हाइकाच्या नावातली, आद्याक्षरांपुढची दोन टिंबं खोडली, ईमेलच्या नव्या सर्व्हरला पुन्हा तोच हुकूम सोडला आणि या खेपेला ते फोल्डर सरळ उभं राहिलं. सकाळपासून ती या टिंबांशी झगडत होती. जुन्या सर्व्हरवर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचं एक फोल्डर होतं. नव्याला मात्र नावात टिंब दिसलं की तो तिथे तुकडा पाडायचा आणि एक तुकडा दुसऱ्याच्या पोटात घालायचा. एका जुन्या, भल्या गिऱ्हाइकाची त्याने अशी तीन शकलं केली होती.

"झालं का गं?" नवऱ्याने विचारलं.

"सांगाडा झाला. आता कोणाला काय द्यायचं ते सांगा."

पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर सगळे तिच्या टेबलाभोवती जमले होते. थोरले दीर फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते, नवरा स्टुलावर बसला होता आणि सासरे खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत. बाहेरचा माणूस बोलावला तर तो पैसे सांगेल, म्हणून सर्व्हरचं सगळं काम धाकटी स्वतः शिकली होती. घरच्या माणसाला पैसे सांगायची सोय नसते.

तिने पडद्यावर तक्ता उघडला. प्रत्येकाचा एक मेलबॉक्स, त्यात आलेली, पाठवलेली, अर्धवट आणि कचरा असे नेहमीचे कप्पे. शिवाय चौकशा, ऑर्डरी आणि तक्रारी ही सगळ्यांची सामाईक फोल्डरं. कोणी नुसतं वाचायचं, कोणी लिहायचं, कोणी पुसायचं, हे नावापुढच्या खुणांवर ठरणार होतं.

"बाबांचा मेलबॉक्स मी घेतो," दिरांनी फोन खिशात टाकला. "गिऱ्हाइकं त्याच पत्त्यावर लिहितात."

धाकटीचा हात माउसवर थांबला. बाबांचे डोळे गेले तेव्हापासून तो मेलबॉक्स ती चालवत होती. रोज सकाळी ती त्यांना टपाल वाचून दाखवायची. आधी आधी ते उत्तरं सांगायचे. मग "तुला ठाऊक आहे काय लिहायचं ते" एवढंच म्हणू लागले. पुढे पुढे तेही म्हणेनासे झाले. खाली नाव मात्र बाबांचंच जायचं. नवा सर्व्हर घ्यायचं ठरलं त्या दिवशी त्यांनीच तिला सांगितलं होतं, यावर पहिला मेलबॉक्स तुझा, तुझ्या नावाचा, आणि गिऱ्हाइकांचं सगळं काम तुझ्याकडे. त्या एका शब्दावर ती दोन महिने राबली होती.

"तिथलं काम मी करते, भाऊजी."

"टाइप करतेस, हो. कोण नाही म्हणतंय? पण शब्द बाबांचे ना!" दीर हसले. "उलट असं कर, त्यांची पाठवलेली पत्रं सगळ्यांना वाचायला खुली कर. काय गोडवा आहे एकेका पत्रात! कळू दे लोकांना, धंद्यातलं पत्र कसं असतं ते."

"आणि माझा मेलबॉक्स?"

"तुला वेगळा कशाला? तू काय परकी आहेस? नवऱ्याच्या मेलबॉक्सातच एक फोल्डर करून घे."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो स्टुलाच्या पायाचा सैल स्क्रू बोटाने फिरवत होता.

"माझ्या 'इतर'मध्ये टाक सध्या," तो म्हणाला. "पुढचं पुढे बघू."

ती सासऱ्यांकडे वळली. खरं काय ते त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाच्याच शब्दाला तिथे किंमत होती.

"बाबा, तुम्ही सांगा."

बाबा तिच्या आवाजाच्या दिशेने नाही, थोडं बाजूला तोंड करून म्हणाले, "मोठ्यालाच दे, पोरी. शेवटी मोठ्याचा मान असतो."

वाद घालावा असं कोणी समोर उरलं नव्हतं. तिने एकेक खूण नीट केली. बाबांचा मेलबॉक्स थोरल्यांच्या नावावर. पाठवलेली पत्रं वाचायला सर्वांना खुली. नवऱ्याच्या मेलबॉक्सात 'इतर', आणि 'इतर'च्या पोटात ती.

"बाबांच्या मेलबॉक्सवर माझ्या खुणा आहेत, वाचायच्या आणि लिहायच्या. त्या ठेवू?"

"काढ," दीर म्हणाले. "ज्याचं त्याने बघावं. शिस्त म्हणजे शिस्त."

तिने काढल्या. खात्री आहे का, असं सर्व्हरने तेवढं विचारलं. बाकी कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नेहमीच्या वेळी खुर्चीत येऊन बसले. धाकटी आपल्या टेबलाशी जुनी फोल्डरं तपासत होती. बराच वेळ त्यांनी वाट पाहिली.

"वाच ना गं."

"काय वाचू?"

"टपाल. त्या दुकानदाराच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं ना? त्याने कळवलं असेल."

"असेल. पण ते आता भाऊजींकडे येतं."

बाबांनी थोरल्याला हाक मारली. दोनदा मारली. शेवटी दीर आतल्या खोलीतूनच ओरडले, "पाहिलं सकाळी! काही नाही विशेष. जाहिराती होत्या, आणि कुणा म्हाताऱ्याचं गुडघेपुराण. सगळं उडवलं."

"अरे, पण काय लिहिलं होतं त्याने?"

"कोण वाचत बसतंय बाबा, दोन पानं होती!"

धाकटीला वाईट वाटलं, आणि आपल्याला वाटतंय याचा रागही आला. गेल्या महिन्यात ऑपरेशनला घाबरलेल्या त्या माणसाला तिने चांगलं लांबलचक पत्र लिहून धीर दिला होता. कित्येक वर्षं त्याच्याशी तीच बोलत होती, आणि ती या जगात आहे हे त्याला माहीतसुद्धा नव्हतं. आता दोन पानी पत्राला उत्तर नाही आलं, की तो बाबांना नावं ठेवेल. ठेवू दे, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. आवाज खाली आणून, आतल्या खोलीत ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "कचऱ्यातून परत काढता येतं ना गं? मागे तू एकदा काढलं होतंस."

"येतं, बाबा," ती म्हणाली. "पण ज्याचा मेलबॉक्स, त्यालाच."

बाबांनी आतल्या खोलीकडे कान लावला. थोरले फोनवर कुणाला तरी मोठमोठ्याने सांगत होते की आजपासून बाबांचं सगळं आपणच पाहतो.