महंमदच्या मांडीवरची बरणी

मित्रांनो, मी एक जुना अंडाशय आहे. इंदापूरच्या फरिदाच्या पोटात माझं सगळं आयुष्य गेलं. आज मात्र काचेच्या बरणीत, औषधाच्या पाण्यात बुडून, तिचा नवरा महंमद याच्या मांडीवर बसून मी बारामतीहून पुण्याला निघालो आहे. शेजारी माझा जुळा भाऊ आणि गर्भपिशवी आहे. तपासणीसाठी आम्हाला घरच्यांनीच एसटीनं न्यायचं असतं.

फरिदा जन्मली तेव्हाच आमच्यात लाखो बीजं होती. ती वयात आल्यावर महिन्याकाठी एक बीज सोडायचं, हे आमचं काम. तेव्हा आम्ही चांगले बदामाएवढे होतो. तिची लेकरं आमच्यातूनच झाली. कौतुक लेकरांचं झालं, आमचं नाव कुणी काढलं नाही. चालायचंच.

पन्नाशीला बीजं सरली. आम्ही सुकलो, आक्रसलो, सुरकुतलो. आम्ही रक्तात सोडायचो तो रसही आटला, म्हणून फरिदाला भर थंडीत घाम फुटे, झोप येईना. दुकानात बांगड्या भरता भरता ती गिऱ्हाईक बायकांवर खेकसायची. मला वाईट वाटे, पण करणार काय? म्हातारपण कुणाला चुकलंय?

त्यातही तिला एक सुख मिळालं. पाळीत रोजा धरत नाहीत. रमजानात सुटलेले रोजे ती दरवर्षी ईदनंतर एकटीनं भरून काढायची. घरदार जेवायचं आणि ही उपाशी. पाळी गेल्यावर तिचा अख्खा रमजान पहिल्यांदा सलग झाला. त्या ईदला तिनं सगळ्यांआधी स्वतःच्या हातात नव्या बांगड्या भरल्या.

शहाण्णवच्या रमजानात एका दुपारी सून अल्फियानं तिला चोरून पाणी पिताना पाहिलं.

"अम्मी, रोजा हाय न्हवं?"

"न्हाय गं. पाळी आलीया परत." फरिदा पदर सारखा करत म्हणाली. "कुणापाशी बोलू नगंस. नातवंडं झाल्यावर हे कसलं? पर अंगात अजून जोर हाय म्हणायचा."

घात तिथंच होता. ती पाळी नव्हतीच. माझ्याकडे एकही बीज उरलं नव्हतं. भावाच्या अंगात गाठ धरली होती आणि ती आटलेला रस पुन्हा सोडत होती. मी आतून कितीही ओरडलो, तरी माझं ऐकणार कोण?

अल्फियाला मात्र खटकलं. "तीन वर्सांनी पाळी येती व्हय, अम्मी? दवाखान्यात चला." फरिदा ऐकेना. मग सूनही हटून बसली. "तुमी येत न्हाय तवर मी रोजा पाण्यावर सोडणार. जेवणार न्हाय." दुसऱ्या दिवशी सासू गाडीत बसली.

बारामतीत डॉक्टर अंजलीबाईंनी पोट तपासलं. त्यांचा हात भावापाशी थबकला.

"पाळी गेल्यावर अंडाशय इतका लहान होतो, की हाताला लागत नाही. एका बाजूचा लागतोय. फरिदाताई, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावर जे रक्त जातं, ती पाळी नसते."

"मंजी पाळी समजून मी रोजं उगाच चुकवलं?" फरिदाचे डोळे भरले.

"ते मागाहून भरता येतील. आधी तुम्ही जगायला हव्यात."

गर्भपिशवीसह आम्हा दोघांना काढलं. गाठ बाहेर पसरलेली दिसत नाही, असं बाई म्हणाल्या. नक्की काय ते पुण्याचा रिपोर्ट सांगेल. खाटेवरून फरिदानं नवऱ्याला एवढंच सांगितलं, "तपासून उरंल ते मागून घ्या. कचऱ्यात नगं, मातीत द्या. लेकरं झाल्यात त्यातनं."

मित्रांनो, गरज सरो नि वैद्य मरो, असं आमचं होतं. काम संपलं, की आमची आठवण कुणाला राहत नाही. पण आम्ही असतो तिथंच असतो, आणि बिघडतोही. तुमच्या घरातली आई, आजी पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जातंय म्हणाली, तर तिला लाजू देऊ नका. तिनं ऐकलं नाही, तर अल्फियासारखं हटून बसा.

आत्ताच कंडक्टर येऊन गेला. "चाचा, बरणी वर फळीवर ठेवा की. अवघडाल."

महंमदनं दोन्ही हात बरणीभोवती धरले. "नगं," तो म्हणाला. "घरचं माणूस हाय."