आखूड पाऊल

"वरून पावलांचा त्रास होतो का, काकू?" व्यवस्थापकानं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधीच फॉर्मवर पेन टेकवलं.

काकूंच्या ओठांत चार टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून काढल्या, मांडीवरच्या कोटाच्या अस्तरात खोचल्या आणि मग म्हणाल्या, "नाही. कसलाच आवाज येत नाही."

व्यवस्थापकाला ते काही पटलेलं दिसलं नाही. इमारत सगळी लाकडाची. पाया आणि लिफ्टची विहीर तेवढी सिमेंटची. बाकी भिंती, जमिनी, छतं, जिनेसुद्धा लाकडाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या थरांत चिकटवून केलेल्या जाडजूड फळ्यांचे. असे नऊ मजले. या घरांत उन्हाळा कमी तापतो, थंडी कमी वाजते, तोडली त्याहून जास्त झाडं परत लावली आहेत, हे सगळं तो नव्या भाडेकरूला तोंडपाठ म्हणून दाखवत असे. आगीचं विचारलं तरी त्याच्यापाशी उत्तर तयार असे. पावलांचं विचारलं की मात्र तो घड्याळाकडे बघायचा. वरचा माणूस टाच आपटून चालला की खालच्याच्या डोक्यात ठोके पडत. आता कार्यालयानं जमिनीखाली रबराचा थर घालायचं कबूल केलं होतं, पण खालच्यानं तक्रार लिहून दिली तरच.

"बघा बुवा," तो म्हणाला. "तुमच्या वरच्या घरात तिथल्या मालकिणीची बहीण येऊन राहिलीय, दोन आठवडे होत आले. बस चालवते. पाय मोडला होता तिचा, आता रोज येरझाऱ्या घालते म्हणे. मला वाटलं, पहिली सही तुमचीच."

"बहीण," काकू म्हणाल्या. "असं होय."

तो गेल्यावर त्यांनी सुईत दोरा ओवायचा तीनदा प्रयत्न केला आणि मग सुई ठेवूनच दिली. गेले बारा दिवस वर कोण चालतंय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि ती कोणाची बहीण नव्हती.

काकूंचा नवरा सुतार होता. ही इमारत उभी करणाऱ्या टोळीतलाच. क्रेननं उचललेली भिंत हवेत तरंगत आली की तिला तळहात लावून जागेवर बसवायची, हे त्याचं काम. डावा पाय लहानपणी मोडून नीट न जुळलेला, दीड बोट आखूड. एकतीस वर्षं काकू त्याच्या प्रत्येक विजारीचा डावा पाय दीड बोट जास्त दुमडत आल्या. आणि एकतीस वर्षं जिन्यात, अंगणात, दुकानाबाहेरच्या फरशीवर त्यांनी ती चाल ऐकली : एक पाऊल लांब, एक आखूड, आणि वळताना टाचेची बारीकशी फरपट. गर्दीत पाठमोऱ्या उभ्या असल्या तरी त्या म्हणायच्या, "आले हे."

इमारत पुरी व्हायच्या आठ महिने आधी, एका सुट्टीच्या सकाळी, दाढी करता करता तो स्टुलावर बसला तो उठलाच नाही. एका गालावर साबण तसाच राहिला. टोळीतल्या माणसांसाठी राखलेल्या घरांपैकी पाचव्या मजल्यावरचं घर काकूंना मिळालं. मुलीचं म्हणणं होतं की तिथं मुळीच जाऊ नकोस, माझ्याकडे ये. काकू म्हणाल्या, इतक्या लोकांना ह्यांच्या भिंती चालतात, मग मलाच का नाही. त्यांनी शिवणयंत्र खिडकीशी मांडलं आणि कपडे आखूड-ढगळ करून द्यायची पाटी दाराला लावली.

घर बोलायचं. दुपारी ऊन पश्चिमेच्या भिंतीवर आलं की लाकूड कुठंतरी आत टक् करायचं, माणसानं बोट मोडावं तसं. नवं लाकूड वाळताना असं करतं हे नवऱ्यानंच सांगून ठेवलेलं, त्यामुळे काकू घाबरत नसत. पण कधीकधी त्या आवाजाला "हं" म्हणत.

आणि बारा दिवसांपूर्वी, चारच्या सुमाराला, डोक्यावर पाऊल वाजलं. एक लांब, एक आखूड. काकूंचा पाय यंत्राच्या पायपट्टीवर थिजला. वरचं घर रिकामं होतं. मालकीण वर्षभर परगावी. पावलं बेडरूमकडून स्वयंपाकघराकडे गेली, वळली. वळताना टाच फरपटली.

काकू वर बघायला गेल्या नाहीत. मुलीला फोन केला नाही. रडल्याही नाहीत. त्यांनी एवढंच केलं की चारच्या सुमाराला गिऱ्हाइकाला बोलवायचं बंद केलं आणि त्या वेळेला यंत्र बंद ठेवू लागल्या. पाचव्या दिवशी पावलं फार वेळ चालली तेव्हा त्या छताकडे तोंड करून हळूच म्हणाल्या, "बसा आता थोडं." आणि पावलं थांबली. त्या रात्री काकूंना वर्षभरात पहिल्यांदा सलग झोप लागली.

आणि आता व्यवस्थापक सांगत होता की ती मालकिणीची बहीण आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वर गेल्या. दार उघडणारी बाई चाळिशीची, खांद्यानं रुंद, केस कापलेले. दाराची चौकट धरून उभी. काकू खालच्या मजल्यावरच्या, हे कळताच ती आधी माफीच मागायला लागली : पायात मोजे घालते, सतरंजी अंथरते. काकूंनी घाईनं सांगितलं की काहीच त्रास नाही, चालत जा. मग आत बोलावणं आलं, चहा आला, आणि बसवालीची सगळी कहाणीही आली.

सतरा वर्षं ती शहरातली बस चालवत होती. डेपोतल्याच ओल्या पायरीवरून घसरून डावा पाय घोट्यापाशी मोडला. हाड सांधलं, पण पाय अजून जमिनीला भीत होता. महिन्याभरानं डेपोचा डॉक्टर तिला चालवून बघणार होता. लंगडणं दिसलं तर बस बंद; उरलेली नोकरी तिकीटखिडकीत बसून काढायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं सांगितलं होतं की पायात आता दोष नाही, नुसती सवय राहिलीय, आणि ती तुमची तुम्हाला कळायची नाही. दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं.

"मोबाईल लावून बघितला," बसवाली म्हणाली. "पण कोणी बघतंय म्हटलं की मी नीट चालते. विसरले की पुन्हा डावा पाय चोरते." मग तिच्या मनात आलं की काकू खालून ऐकू शकतात. ऐकणारं दिसत नाही, म्हणजे अंगात नाटक शिरायचं नाही. रोज चार वाजता मी चालते, त्यानंतर फक्त फोन करून सांगाल का, दोन्ही पाय सारखे पडतात का?

काकू हो म्हणाल्या. नाही म्हणायला तोंड कुठं होतं?

पहिल्या दिवशी पावलं नेहमीसारखीच वाजली. काकूंनी फोन उचलला. खरं सांगायचं तर एवढंच सांगायचं होतं की डावा चोरतेस, उद्या जरा जास्त टेक. मग उद्या तो थोडा जास्त टेकला असता. परवा आणखी थोडा. काकूंनी छताकडे बघितलं.

"चांगलं चाललंय," त्या म्हणाल्या.

महिनाभर त्या रोज हेच म्हणाल्या. कधी "कालच्यापेक्षा बरं", कधी "आता कळतसुद्धा नाही". बसवाली खूश होऊन वरून संत्री पाठवायची. काकूंनी ती खाल्ली नाहीत. मऊ पडल्यावर टाकून दिली. चार वाजता मात्र त्या आरामखुर्चीत डोळे मिटून बसत आणि डोक्यावर त्यांचा नवरा या खोलीतून त्या खोलीत जाई.

तपासणीच्या दिवशी बसवाली दुपारीच परत आली. लिफ्ट सहाव्या मजल्यावर न नेता ती पाचव्यावर उतरली आणि काकूंच्या खुर्चीत बसली. डॉक्टरनं तिला डेपोच्या व्हरांड्यात वीस पावलं चालवायला घेतलं आणि दहाव्याच पावलाला थांबवलं. बसच्या पायऱ्या चढायची पाळीही आली नाही. तिनं हात जोडले म्हणून त्यानं आणखी एक महिना दिला, शेवटचा.

"मी म्हटलं त्यांना, तुमचं काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. "माझ्या खाली राहतात त्या रोज ऐकतात, त्यांना विचारा." ती थोडं हसली. "सगळ्यांसमोर म्हटलं हो, काकू."

काकूंनी तिला पाणी दिलं. ती वर गेल्यावर यंत्रावर एक विजार घेतली आणि उलट्या बाजूनं टीप मारली. उसवली, पुन्हा मारली, पुन्हा उलटीच. मग यंत्रावरचा दिवा मालवून त्या सहाव्या मजल्यावर गेल्या आणि दारातच उभ्या राहून सांगितलं की मी खोटं बोलत होते. पहिल्या दिवसापासून.

बसवालीला आधी काही समजलंच नाही. का, एवढंच तिनं विचारलं. नवरा, त्याचा पाय, दाढीचा साबण, सगळं उलटसुलट होऊन तोंडातून बाहेर आलं, आणि त्यातलं काहीच पुरेसं वाटलं नाही. शेवटी त्यांनी चपला काढल्या आणि त्या लाकडी जमिनीवरून चालून दाखवलं. खिडकीपर्यंत गेल्या. एक पाऊल लांब, एक आखूड. वळल्या. टाच फरपटली. परत आल्या.

बसवाली बघत राहिली.

"ही तर माझी चाल," ती म्हणाली.

"नाही," काकू म्हणाल्या. "ही ह्यांची."

मग बसवाली दाराकडे गेली, ते उघडून धरत म्हणाली, "माझा एक महिना गेला, काकू." आवाज चढवला नाही. चढवला असता तर काकूंना जिना उतरणं सोपं गेलं असतं.

त्यानंतरचे चार दिवस वर कोणी चाललं नाही. म्हणजे चालत असणारच, पण बाहेर, बागेत, कुठंतरी. चार वाजता काकू बसायच्या आणि वर नुसतं लाकूड असायचं. चौथ्या दिवशी ऊन भिंतीवर आलं आणि टक् झालं, तेव्हा त्यांनी "हं" म्हटलं नाही. त्यांच्या मनात आलं, मेलेल्या माणसासाठी आपण एका जिवंत बाईचा पाय अडवून ठेवला, हे ह्यांना कळलं असतं तर ह्यांनी महिनाभर अबोला धरला असता.

पाचव्या दिवशी चारला फोन वाजला.

"ऐकताय का?" बसवाली म्हणाली.

"ऐकतेय."

"मग आता खरं सांगा." फोन चालूच ठेवून ती चालायला लागली.

काकूंनी खरं सांगितलं. उजव्यावर जोर देतेस. डाव्याची टाच टेकतेस, पण चवडा लगेच उचलतेस. वळताना फरपटते, थांबून वळ. आता बरं. आता पुन्हा चोरलास. ज्या कानांनी त्यांनी एकतीस वर्षं ती चाल जपली, त्याच कानांनी त्या ती रोज थोडी थोडी उसवू लागल्या. जुनी शिवण उसवताना कापडाला धक्का लागू नये म्हणून एकेक टाका कापावा लागतो, तसं. पहिल्या आठवड्यात वळतानाची फरपट गेली. त्या दिवशी फोन ठेवल्यावर काकू बराच वेळ नळ सोडून भांड्यांपुढं उभ्या राहिल्या. घासण्यासारखं एकही भांडं नव्हतं.

त्या दोघी एकमेकींकडे फारशा गेल्या नाहीत. बसवालीनं माफ केलं, न केलं, असं काही बोलणं झालं नाही. एकदाच, तिसऱ्या आठवड्यात, सूचना संपल्यावर तिनं फोनवर विचारलं, "अजून ऐकू येतात का ते?"

"कधीमधी," काकू म्हणाल्या. "तू दमलीस की."

मग बसवाली म्हणाली की ती आजच्यापुरती आणखी एकदा चालते, दमलेली आहेच. काकूंनी काही सांगू नये, नुसतं ऐकावं. काकूंनी नको म्हटलं. पुन्हा नको म्हटलं. मग विश्रांती घे म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तपासणीच्या सकाळी आठ वाजता फोन आला. बसवालीनं गणवेश घातला होता, बूट घातले होते, कारण डॉक्टर बुटांवरच चालवतो. निघायच्या आधी एकदा ऐका, म्हणाली.

काकू खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. वरून बूट चालू लागले. बेडरूमकडून स्वयंपाकघराकडे. थांबले, वळले, परत आले. काकूंनी डोळे मिटले आणि जमेल तितकं कान देऊन ऐकलं. कुठंतरी एखादं पाऊल चुकेल, म्हणून ऐकलं.

"काय?" फोनमधून आवाज आला.

"सारखे पडतात."

"खरं ना, काकू?"

"खरं. दोन्ही सारखे. जा तू."

फोन बंद झाला. वर बॅग उचलल्याचा आवाज झाला आणि बूट दाराकडे निघाले. खालच्या घराची आखणी वरच्यासारखीच होती. बोळ तिथंच, दार तिथंच. काकूही निघाल्या, त्या पावलांच्या बरोबर खालून, त्यांच्याच चालीनं, बोळातून दारापर्यंत. दारापाशी पावलं थांबली, काकूही थांबल्या. वर कुलूप लागलं. लिफ्ट आली, आतल्या कुणाशी तरी बसवाली दोन शब्द बोलल्यासारखं झालं, आणि लिफ्ट खाली गेली.

काकू कडीवर हात ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. कुणाला तरी पोचवायला बाहेरपर्यंत यावं आणि तो नजरेआड झाल्यावरही आत जायचं सुचू नये, तशा.