मावशीला सैल आवडतं

तिसरं नख जरा वेडंवाकडं वाढलेलं… त्यावर कानस फिरली की पांढरी भुकटी उडायची आणि लेकीच्या फ्रॉकवर बसायची. लेक कोंबडीचा पाय दोन बोटांत धरून होती, इतका अलगद, की आईला वाटलं, हे हिला कोणी शिकवलं? मी तर नाही. मी काहीही धरते ते पडेल म्हणूनच.

कोंबडीचं नाव मावशी. ते लेकीनं ठेवलेलं; सख्ख्या मावशीनं अजून माफ केलेलं नाही. वृद्धाश्रमात न्यायच्या आधी मावशीची नखं घासायची, पाय कोमट पाण्यानं धुवायचे, लेकीच्याच जुन्या झबल्याचा लंगोट बांधायचा. सगळं रीतसर. सासूबाई दारातून बघत म्हणाल्या, "माणसांशी बोलायला कोंबडीचा वशिला लागतो होय गं?" आई हसली… हसण्याशिवाय काय करणार? लेकीची घरात अखंड टकळी, आणि उंबरा ओलांडला की ओठ शिवलेले. शाळेत आठ महिने एक शब्द नाही. वर्गातल्या बाईंनी तर हळूच विचारलं होतं, ऐकू येतं ना हिला? – आणि कुणीही काही विचारो, नाव काय, वय काय, खाऊ हवा का, प्रत्येक प्रश्नाला लेकीच्या आधी आईचंच उत्तर तयार. लाजते हो ती. हे एक वाक्य किती वेळा…

बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. लोक कोंबडीकडे बघतील, तिच्याकडे नाही, म्हणून कोंबडी न्या. आणि कोणी तिला काही विचारलं, तर तुम्ही मनात आकडे मोजा. तोंड उघडू नका.

दुपारी आश्रमाच्या दालनात, खिडकीपाशी, पूर्वी शिंपीकाम केलेले आजोबा. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर मावशी. आजोबांचे हात थरथरत होते. थरथर लपवायला त्यांनी तिला दोन्ही बाजूंनी गच्च आवळलं. मावशीची मान ताठ, डोळा गोल.

"चावत नाही ना गं ही?" त्यांनी लेकीला विचारलं.

एक. दोन. लेक लंगोटाच्या नाडीकडे बघत होती. पाच… सहाला उत्तर आईच्या जिभेवर आलं, नाही हो, गरीब आहे फार – ते तिनं दाताखाली धरलं. दहा. समोरच्या आजी विणकाम थांबवून बघायला लागल्या. चौदा, देवा, आता बोलू दे मला, नुसतं एवढंच… सतरा.

"घट्ट नका धरू. मावशीला सैल आवडतं."

घोगरा, बारीक, पण आवाज. बाहेरच्या जगातला.

"असं होय," आजोबा म्हणाले, जणू रोजचंच, "मग आधी नाही का सांगायचं?" त्यांनी बोटं सोडली. मावशी पिसं फुलवून टॉवेलात बसली, आणि तिची पापणी खालून वर चढत गेली.

माझी लेक. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला शिकवते आहे, आणि तो ऐकतो आहे. शाळेतल्या बाईंना, सासूबाईंना, रस्त्यातल्या कुणालाही थांबवून सांगावं – सतरा आकडे लागतात हो तिला, फक्त सतरा! आणि त्याच्याच पाठोपाठ, अभिमान खाली बसायच्या आतच: सहाव्या आकड्याला मी आजवर किती वेळा बोलून गेले…

निघताना दाराशी सिस्टरनं लेकीला विचारलं, "पुढच्या आठवड्यातही आणशील ना मावशीला?"

लेक बुटाच्या टोकाकडे बघत राहिली. सिस्टर थांबली. सतरा गेले, तीस गेले. सिस्टरनं आईकडे पाहिलं, आता तुम्हीच सांगा, अशा अर्थानं. आईनं ते पाहणं तसंच परतवलं, अगदी शांतपणे. कोणी मन लावून काम करत असलं की आपण शेजारी नुसते उभे राहतो, तशी ती लेकीच्या शेजारी उभी होती. मान खाली घालावीशी वाटली नाही. लाजते हो, हे वाक्य शोधूनही सापडलं नसतं. साठाच्या आसपास केव्हातरी आपण मोजायचं थांबलो आहोत, हे तिच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.